लग्न लावणारी बाई

"बाई, खाली उतरा. पोराचं पहिलं लगन आहे. रांडकीच्या हातानं नाही लावाचं."

हे वाक्य माईकवर गेलं. माईक माझ्या हातात होता अन् चालू होता. नवरदेवाचे मोठेबाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, तो माझ्या हातातून ओढून घेत होते अन् तेव्हाच बोलले. म्हणून लाखांदूरच्या त्या मांडवात बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. मागं भात शिजवायच्या गंजापाशी उभ्या असलेल्या बायांनीही ऐकलं.

मे महिना होता. सकाळचे साडेअकरा. कूलर गरम हवा फेकत होते. टेबलावर दोन्ही तसबिरी, हार, मेणबत्त्या, पिंपळाची पानं, पांढऱ्या सुताची गुंडी. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. मीही पांढऱ्या साडीत. आमच्यात, बौद्धांत, लग्न लावणारा पांढरंच घालतो. माझे बाबा चाळीस वर्षं पांढरा सदरा अन् धोतर घालून लग्नं लावत होते. त्यांच्या कपड्यांकडे कोणी पाहिलं नाही. माझ्या अंगावर तोच रंग विधवेचा झाला.

मोठेबाबा मोठ्या पदावरून रिटायर झालेले. सगळे त्यांना साहेबच म्हणतात. दरवर्षी जयंतीला ते समतेवर तासभर बोलतात. मी त्यांचं भाषण एकदा ऐकलं होतं. टाळ्या वाजवल्या होत्या.

मी काय केलं? उतरले.

दोनच पायऱ्या होत्या. खाली माझी चप्पल सापडेना. तीन-चारशे माणसं पाहून राहिली होती अन् मी वाकून चप्पल शोधत होते. कोणीतरी ती पायानं सोफ्याखाली सारली होती. गुडघे टेकून काढावी लागली. तेवढ्या वेळात एक माणूस उठला नाही. आमच्या वस्तीतले लोक होते. आमच्या मंडळाचे अध्यक्ष पहिल्याच रांगेत होते. ते मोबाईलमध्ये पाहत बसले.

नवरी शीतल आमच्याच वस्तीतली. मला मावशी म्हणते. "मावशी, माह्यं लगन तूच लाव," असं तिनंच म्हटलं होतं, घरच्यांसमोर. त्याला कारण होतं. आधी तिचं एका ठिकाणी जमलं होतं. मी दोघांच्या रक्ताची तपासणी करायला लावली. दोघांतही सिकलसेल निघाला. मी तिच्या बापाला सांगितलं, हे लग्न करू नका, लेकरं दुखणं घेऊन जन्मतील. लग्न मोडलं. तेव्हा लोकांनी मला शिव्या दिल्या. शीतलनं दिल्या नाहीत.

आता तीच शीतल स्टेजवर खाली मान घालून उभी होती. तिचं काय चुकलं म्हणू मी? बावीस वर्षांची पोरगी. समोर सासरचं अख्खं घर.

मी हात धुवायच्या ड्रमजवळ, मागच्या खुर्चीवर बसले. माझ्या जागी साहेबांनी कॉलेजातले एक सर उभे केले. ते मोबाईलमधून वाचत होते. वाचताना अडखळत होते. मला तो विधी लहानपणापासून पाठ आहे. माझे ओठ आपोआप हलत होते.

मग प्रतिज्ञा आल्या. नवरीनं घ्यायच्या अन् नवऱ्यानं घ्यायच्या. सरांनी शीतलकडून सगळ्या म्हणवून घेतल्या. नवऱ्याची पाळी आली तसा डीजेवाला घाई करू लागला अन् साहेब म्हणाले, "झालं, झालं. हार घाला."

नवऱ्यानं एकही वचन दिलं नाही. टाळ्या वाजल्या. फुलं उधळली. मांडवात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. अन् मी मागच्या खुर्चीवर गप्प बसून राहिले.

जेवले नाही. एसटीनं पवनीकडे निघाले. शेजारच्या सीटवरच्या बाईनं माझ्या हातातली पिशवी पाहिली. पिशवीतून पिंपळाची पानं बाहेर आली होती.

"लग्नाहून येऊन राहिल्या का?"

"हो."

"नवऱ्याकडच्या का नवरीकडच्या?"

मी खिडकीबाहेर पाहू लागले. उन्हाळी धान कापून झालं होतं. रिकाम्या बांध्या दूरपर्यंत पडल्या होत्या.

मी अंगणवाडी सेविका आहे. पवनीजवळच्या एका खेड्यात राहते. माझा नवरा सिकलसेलनं गेला. चौतीस वर्षांचा होता. दुखणं उठलं की हाडं फुटतात असं म्हणायचा अन् दातात टॉवेल धरायचा. शेवटच्या वेळी भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्याचा हात माझ्या हातात होता. नऊ वर्षं झाली. आमच्या लग्नाच्या वेळी कोणी तपासणी मागितली नव्हती. म्हणून मी मागते. लग्न लावायचं आहे म्हणून घरी कोणी आलं की आधी दोघांची तपासणीची कार्डं दाखवा म्हणते, मग तारीख बोला.

हे काम मला बाबांकडून आलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्याच्या आधीचं बाबा सांगायचे. गावचा जोशी वस्तीत पाय ठेवत नव्हता. वस्तीच्या तोंडाशी उभा राहून तिथूनच काहीतरी पुटपुटे अन् लांबून तांदूळ फेके. नवऱ्या-नवरीपर्यंत ते तांदूळ पोचतही नव्हते. दीक्षेनंतर आजोबांनी ठरवलं, आपली लग्नं आपण लावू. बाबा सातवी शिकलेले. राइस मिलमध्ये पोती उचलायचे. त्यांनी विधीचं छोटं पुस्तक पाठ केलं. गावोगाव सायकलनं जायचे. लहानपणी मी सायकलच्या दांडीवर बसून जायची. नवरा-नवरी त्यांच्या मागून म्हणत अन् मीही म्हणत असे.

तीन वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला. जीभ जड झाली. आठ दिवसांवर वस्तीत लग्न होतं. ते लोक दुसरा माणूस शोधायला निघाले तेव्हा बाबांनी खाटेवरून हातानंच थांबवलं. माझ्याकडे बोट केलं.

त्या दिवसापासून मी लावते. आमच्या वस्तीत अन् आजूबाजूच्या खेड्यांत कोणी काही बोललं नव्हतं. निदान तोंडावर नव्हतं.

लाखांदूरहून आले त्या दिवशी बाबांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चहा पाजत होते. त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती.

"कोन बोलला?" त्यांनी विचारलं. एक एक शब्द ओढून बाहेर काढल्यासारखे ते बोलतात.

"नवरदेवाचे मोठेबाबा."

"तू उतरली काहून?"

मला राग आला. रडूही आलं. "मंग काय करू, बाबा? भांडू त्या पोरीच्या लगनात? तुमी असते त काय केलं असतं?"

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "तुह्या लगनात... आत्या कुठं होती?"

"कोन, बपेऱ्याची आत्या? होती ना. इथंच होती."

"कुठं?"

मी आठवू लागले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. एकविसाव्या वर्षी विधवा झालेली. सासर बपेऱ्याचं, तिकडं मध्य प्रदेशच्या सीमेवर. मला तिनंच चालायला शिकवलं म्हणतात. माझी वेणी तीच घाले. माझ्या लग्नाला ती आठ दिवस आधी आली होती. तांदूळ निवडत होती, अंगण सारवत होती. लग्नाच्या दिवशी कुठं होती? मला हळद लावताना नव्हती. मांडवात नव्हती. माझ्या लग्नाचा अल्बम अजून घरात आहे. एकाही फोटोत ती नाही.

"कोठ्यात होती," बाबा म्हणाले. "बैलाच्या कोठ्यात. मीच म्हटलं तिले. पाहुणे हायेत, बोलतीन. तू मांगंच राय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लकव्यामुळं एका बाजूचं गालावरून सरळ खाली ओघळलं, त्यांना कळलंही नाही. मी पदरानं पुसलं.

"स्टेजवर उभा राहून मी सगळ्यायले सांगत होतो," ते म्हणाले, "मानूस मानूस एक हाये."

मी बाबांवर चिडू शकले असते. पण मी स्वतः काय केलं होतं? एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, आत्या फोटोत काहून नाही. मी नवरी होते, नटले होते, मला सगळं मिळत होतं. मला ती दिसली नाही. साहेबांनी मला ज्या जागी बसवलं त्या जागेवर माझी आत्या माझ्याच लग्नात बसून होती. तिथं शेणाचा वास होता अन् तिला पंगतीतलं ताट कोणीतरी नेऊन दिलं असेल. दिलं असेल का? तेही मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी विहारात मंडळाची बैठक झाली. मला निरोप आला. सतरंजीवर तीस-चाळीस पुरुष, एका कडेला सहा-सात बाया. अध्यक्षांसमोर ठरावाची वही. रिटायर झालेले मास्तर आहेत ते. बाबांचे दोस्त.

"बाई, तुमच्याबद्दल काही नाही," ते म्हणाले. "तुमचा पाठ चांगला आहे. पण साहेबांचा फोन आलता. समाजात चर्चा होऊन राहिली."

त्यांनी ठराव वाचला. समाजाच्या भावना लक्षात घेऊन विधवा भगिनींनी मंगल परिणयाचा विधी लावू नये. त्यांना इतर कार्यक्रमांत मानाचं स्थान द्यावं.

"इतर म्हणजे कोनते?" मी विचारलं.

ते थांबले. "म्हणजे... पुण्यानुमोदन. मयतीचा कार्यक्रम."

एक जण हसला.

अध्यक्षांनी वही माझ्याकडे सरकवली. "सही करा. सर्वांनुमते होऊ द्या. भांडण नको."

पेन माझ्या हातात दिला. तीस पुरुष पाहत होते. त्यातल्या कितीतरी जणांची लग्नं माझ्या बाबांनी लावलेली. पाच-सहांची तर मी लावलेली. मी वहीतला तो कागद पुन्हा वाचला. एक एक शब्द वाचला. भगिनी लिहिलं होतं. मान लिहिलं होतं. गोड शब्दांत मला पुन्हा खाली उतरवून राहिले होते, अन् या वेळी माझ्याच सहीनं.

मी पेन ठेवला.

"नाही करत."

"बाई, समजून घ्या."

"समजलं म्हनूनच नाही करत. सर, माह्या आजोबाच्या काळात जोशी दुरून तांदूळ फेके. का, तर आमी विटाळाचे. तुमी मले दूर उभं करून राहिले. का, तर मी विटाळाची. मले फरक सांगा. सांगितला त सही करतो."

आमच्याकडे बाया चिडल्या की अशाच बोलतात, करतो, जातो. एक जण म्हणाला, तो मुद्दा वेगळा आहे.

"मग शिक्का द्या," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज आता मास्तरचा झाला होता. लग्नाच्या दाखल्यावर मंडळाचा शिक्का लागतो. तो बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे असे. मी पिशवीतून काढला, सतरंजीवर ठेवला.

"शिक्का तुमचा आहे, घ्या. लगन मी लावीनच."

बाहेर आले. विहाराच्या ओट्यावर बसले. बायांपैकी कोणी मागून आलं नाही. मला वाटलं होतं एखादी येईल.

दोन दिवसांनी वनिता आली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, बिड्या वळते, रोवणीच्या दिवसांत मजुरीला जाते. बैठकीत ती बायांमध्ये बसली होती. तिचा नवरा विहीर खोदताना दरड कोसळून गेला. तिच्या मयुरीचं लग्न ठरलं होतं.

"माह्या पोरीचं लगन तू लाव," ती म्हणाली.

"मंडळ येनार नाही, वनिता. दाखला देनार नाहीत."

"माहीत आहे मले. मी तिथं बसली होती ना. बोलली नाही म्हनून दोन दिवस जेवन गोड लागलं नाही."

मी दोघांची कार्डं मागितली. तिनं आणलीच होती. मग मी म्हटलं, "एक गोष्ट पाहिजे मले. पोरीच्या बाजूनं स्टेजवर कोन उभं राहीन?"

"तिचा काका. अजून कोन?"

"काका नाही. तू."

"मी? काहीतरीच काय व. मी मांगं स्वयंपाकाचं पाहीन."

"त मंग मी नाही लावत."

अर्धा तास बसली होती. उठताना म्हणाली, "साडी कोनती घालू?"

लग्नाच्या आधी मी बपेऱ्याला गेले. पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून पुढं दुसरी बस. मला आत्याला आणायचं होतं. पहिल्या रांगेत बसवायचं होतं. तिच्याशी काय काय बोलायचं ते जाताना बसमध्ये ठरवत होते.

आत्या अंगणात साठवलेली मोहफुलं पुन्हा उन्हात घालत होती. पाठीत वाकलेली. मला पाहून तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं. मी सगळं सांगितलं. लाखांदूरचं, बाबांचं, कोठ्याचं. माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. हात चालूच होते.

"तुह्या बापानं ताट आनून देल्लं होतं," ती म्हणाली. "सोता आनलं होतं. रडत होता तोबी. त्याचं मनावर नको घेऊ."

"चाल माह्यासंगं. मयुरीच्या लगनाले."

"नाही व माय. मी नाही येत."

"काहून?"

"उद्या त्या पोरीचं काही वाईट झालं त लोकं म्हनतीन, थे बुढी समोर बसली होती."

"लोकायचं सोड ना, आत्या."

"लोकायचं सोडलं." तिनं एक फूल उचलून कचऱ्यातून बाजूला काढलं. "मलेबी तसंच वाटन."

मी पुष्कळ समजावलं. हात धरले, रडले, रागावले. ती शांत होती. पन्नास वर्षं तिला सांगितलं होतं की तू वाईट आहेस, अन् तिनं ते मानलं होतं. जोश्यानं सांगितलं नव्हतं. तिच्या भावानं, वहिनीनं, नात्यातल्या बायांनी सांगितलं होतं. आम्ही सांगितलं होतं. परतीच्या बसमध्ये माझ्या बाजूची सीट तुमसरपर्यंत रिकामी होती. तिच्यासाठी मी जागा धरूनच बसले होते, काय माहीत कशासाठी.

मयुरीचं लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. वनिताच्या घरासमोरच मांडव टाकला. दोनशे खुर्च्या आणल्या होत्या, शंभराच्या वर रिकाम्या राहिल्या. काका आला नाही. अध्यक्ष आले नाहीत. नवऱ्याकडचे लोक लाखनीकडचे, मजूर माणसं. त्यांच्यातही कुजबुज झाली. नवऱ्याच्या आईनं एकदा मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग नवरा मुलगाच म्हणाला, "लावू द्या ना. माह्यं लगन आहे." एवढंच बोलला. नंतर घाबरून घाम पुसत होता.

वनिता हिरव्या साडीत पोरीजवळ उभी राहिली. सारखी मागं सरत होती. मी वंदना म्हणत असतानाच तिला दंडाला धरून पुढं घेतलं. दोनदा घेतलं.

प्रतिज्ञा आल्या. आधी मी नवऱ्याकडून म्हणवून घेतल्या. एक एक. तो चुकला तिथं पुन्हा म्हणायला लावलं. मग मयुरीकडून.

शीतल आली होती. लाखांदूरहून एकटी. शेवटच्या रांगेत बसली होती. जाताना माझ्याजवळ आली अन् म्हणाली, "मावशी, मी तेव्हा बोलली नाही." मी तिला "काही नाही गं" असं म्हणाले नाही. कारण काही नाही असं नव्हतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी बोलजो." तिनं मान हलवली.

आता नोंदणीचं राहिलं. वनिता, मयुरी अन् मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामपंचायतीच्या अर्जात एक रकाना असतो, लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव अन् सही. ग्रामसेवकानं अर्ज पाहिला अन् वर पाहिलं.

"पुरोहित कोण?"

"मी."

"तसं नाही. मंडळाचा शिक्का आणा. नाहीतर अध्यक्षांची सही."

"लग्न त्यांनी लावलं नाही. ते आलेही नव्हते. खोटी सही कशी आणू?"

"मग मी काही करू शकत नाही, बाई."

त्यानं अर्ज परत दिला. वनिता म्हणाली, "आनू का व अध्यक्षाची? पोरीचं अडून नको राहाले." मी मयुरीकडे पाहिलं. कागद तिच्या लग्नाचा होता, त्रास तिला होणार होता, तिनंच सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "नाही. मावशीचीच."

त्याच टेबलावर मी नवा अर्ज मागितला. भरला. त्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाचंही, मेलेल्या नवऱ्याचंही. खाली सही केली अन् पोच मागितली. नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या म्हटलं. त्यानं ना पोच दिली ना कारण. अर्ज पेपरवेटखाली ठेवला अन् जेवायला गेला.

आम्ही तिघी बाकावर बसून राहिलो. हा अर्ज परत आला तर मी तिसरा भरीन. तोही आला तर तहसीलमध्ये जाईन. मी लावलेल्या लग्नाच्या कागदावर दुसऱ्या कोणाची सही होऊ देणार नाही.